ताशी 10 डॉलर 10 सेंट : बर्मिंगहॅमचा एका दिवसाचा कायदा

23 फेब्रुवारी 2016, मंगळवार. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराच्या कौन्सिलने त्या दिवशी एक कायदा घाईघाईने मंजूर केला. शहराच्या हद्दीत कोणत्याही कामगाराला ताशी 10 डॉलर 10 सेंटांपेक्षा कमी मजुरी देता येणार नाही, आणि अंमल उद्यापासूनच. गुरुवारी, 25 तारखेला, राज्याची राजधानी माँटगोमेरी इथे विधिमंडळाने दुसरा कायदा मंजूर केला. राज्यातल्या कोणत्याही शहराला किंवा काउंटीला खाजगी नोकरीतलं वेतन, रजा वा इतर लाभ ठरवता येणार नाहीत, आणि कुणी ठरवले असतील तर ते रद्द. गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी त्याच दिवशी सही केली.

बर्मिंगहॅमची मजुरीवाढ कागदावर एक दिवस टिकली. कामगार पुन्हा देशाच्या किमान दरावर आले, ताशी 7 डॉलर 25 सेंट. तासामागे फरक 2 डॉलर 85 सेंटांचा. आठवड्याला 40 तास काम करणाऱ्याच्या हातातून 114 डॉलर गेले, आणि वर्षभराचा हिशेब केला तर 5,928. 7 डॉलर 25 सेंटांच्या दराने वर्षभर राबून जे 15,080 डॉलर मिळतात, त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून ही रक्कम मोठी आहे.

पुढे जवळजवळ चार वर्षं हा वाद संघराज्याच्या न्यायालयांत चालला. वरवर पाहता तो मजुरीचा वाद होता. मुळात प्रश्न वेगळा होता : आपल्या हद्दीतल्या कष्टकऱ्यांसाठी कायदा करण्याचा अधिकार शहराला असतो का, आणि तो काढून घेणाऱ्याचा हेतू तपासायचा कुणी?

मराठी वाचकाला पहिल्यांदा नवल वाटेल ते महापालिकेने मजुरी ठरवण्याचंच. आपल्याकडे किमान वेतनाचे दर राज्य सरकार अधिसूचना काढून ठरवतं. शहरात जगणं महाग, हे मान्य करून परिमंडळं पाडली जातात, पण महापालिकेला त्यात आवाज नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी जे 18 विषय नेमून दिले, त्यांत कामगार हा विषय नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर शहर या शब्दालाच जागा नाही. तिथे संघराज्य आणि राज्यं, एवढेच दोन मानकरी. शहरांचं काय, ते प्रत्येक राज्याने आपापलं पाहायचं.

ही पोकळी न्यायालयांनी भरली. 1868 साली आयोवा राज्यातल्या क्लिंटन शहराने आपल्या रस्त्यांवरून रूळ टाकायला रेल्वे कंपनीला विरोध केला. निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती जॉन फॉरेस्ट डिलन यांनी त्यात मांडलं की शहरं ही राज्याच्या विधिमंडळाची निर्मिती आहे. विधिमंडळ त्यांना जन्म देतं आणि त्याला वाटलं तर संपवूही शकतं. राज्याने स्पष्ट दिलाय तेवढाच अधिकार शहराचा, आणि शंका असेल तिथे उत्तर शहराच्या विरोधात. ‘डिलनचा नियम’ म्हणून हे तत्त्व देशभर रुजलं. त्या काळातली शहरं रेल्वेच्या नादाने कर्ज काढून दिवाळखोर होत होती, स्थानिक पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार उघड दिसत होता, त्यामुळे या नियमाला आधार नव्हता असं नाही. पण पुढे डिलन स्वतः युनियन पॅसिफिक रेल्वेचे वकील झाले, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1907 साली सर्वोच्च न्यायालयाने पिट्सबर्गच्या खटल्यात हीच भूमिका उचलून धरली. दुसरीकडे काही राज्यांनी आपल्या घटनेतच शहरांना स्वशासन दिलं. मिसूरीने 1875 साली सुरुवात केली. तेव्हापासून एकाच देशात एका शहराला जे जमतं ते शेजारच्या राज्यातल्या शहराला जमत नाही.

अलाबामा हे ‘जमत नाही’ वाल्यांतलं, आणि त्यामागचा इतिहास काळा आहे.

बर्मिंगहॅमची स्थापना 1871 ची, यादवी युद्धानंतरची. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी, लोखंड गाळायला लागणारे तिन्ही जिन्नस इथे हाकेच्या अंतरावर सापडले म्हणून माळावर शहर उभं राहिलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1873 साली, जोतीराव फुल्यांनी पुण्याहून ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्या मुक्तीची बर्मिंगहॅमच्या खाणींत काय गत झाली ते पाहिलं की मन विषण्ण होतं. क्षुल्लक गुन्ह्यांसाठी, अनेकदा दंड भरता आला नाही म्हणून, कृष्णवर्णीयांना तुरुंगात टाकायचं आणि तिथून खाणमालकांना भाड्याने द्यायचं, ही राज्याची अधिकृत पद्धत होती. एप्रिल 1911 मध्ये शहराजवळच्या बॅनर खाणीत स्फोट होऊन 128 जण गेले. त्यांतले बहुतेक असे भाड्याने दिलेले कृष्णवर्णीय कैदी होते. ही पद्धत अलाबामाने 1928 पर्यंत चालू ठेवली, देशात सगळ्यांत शेवटपर्यंत.

दरम्यान 1901 साली राज्याची नवी घटना लिहिली गेली होती. घटनासभेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्देश लपवला नाही. गोऱ्यांचं वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करायचं, असं त्यांनी उद्‌घाटनाच्या भाषणातच सांगितलं. मतदानासाठी कर, साक्षरता आणि मालमत्तेच्या अटी आल्या. मतदानाच्या वयाच्या सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय पुरुषांपैकी दोन वर्षांत यादीवर उरले जेमतेम 3 हजार. याच घटनेने सत्ता माँटगोमेरीत एकवटली. गावाला साधीसुधी गोष्ट करायची तरी विधिमंडळाकडे जायचं, घटनादुरुस्ती करून घ्यायची. शेकडो दुरुस्त्या होऊन ही घटना फुगत गेली, पण सत्तेची रचना बदलली नाही. कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या भागांत त्यांच्या हाती स्थानिक कारभार जाऊ नये, ही त्या रचनेमागची चिंता होती. मताच्या अटी पुढे संघराज्याच्या कायद्यांनी मोडल्या, ही रचना मात्र तशीच राहिली.

याच मातीतून देशाच्या किमान वेतनाचा कायदा पुढे आला, हा इतिहासातला मोठा विरोधाभास. बर्मिंगहॅमचे वकील ह्यूगो ब्लॅक 1926 साली अलाबामातून सिनेटवर निवडून गेले. विसाच्या दशकात ते कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे सदस्य होते, त्यांच्या चरित्रातला हा डाग झाकता येत नाही. पण 1937 साली कामाचे तास आणि किमान मजुरी ठरवणारं विधेयक सिनेटमध्ये मांडलं ते त्यांनीच. लगेचच ते सर्वोच्च न्यायालयावर गेले, आणि 1938 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने विधेयकाचा कायदा झाला. पहिला दर होता ताशी 25 सेंट. दक्षिणेच्या आग्रहाखातर शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतले कृष्णवर्णीय मुख्यतः ही दोनच कामं करत होते. (आपल्याकडे असं विधेयक एप्रिल 1946 मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलं. 1948 च्या किमान वेतन कायद्याचा उगम त्यात आहे, आणि त्याच्या अनुसूचीत शेतीचं काम आलं.)

1938 च्या त्या कायद्यात एक कलम आहे, आणि आपल्या गोष्टीत ते फार मोलाचं आहे. राज्याच्या कायद्याने किंवा एखाद्या नगरपालिकेच्या नियमाने याहून जास्त किमान वेतन ठरवलं असेल, तर या कायद्याच्या नावाखाली ते बुडवता येणार नाही. म्हणजे शहरं मजुरी ठरवू शकतात, हे वॉशिंग्टनने तेव्हाच गृहीत धरलं होतं. वाट अडवायची झाली तर ती फक्त राज्यच अडवू शकत होतं.

1963 चं बर्मिंगहॅम जगाला ठाऊक आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचं आंदोलन, शाळकरी मुलांवर सोडलेले पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे, सप्टेंबरमध्ये सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालेला बाँबस्फोट आणि त्यात मारल्या गेलेल्या चार मुली. त्या आंदोलनाच्या मागण्यांत दुकानांमधल्या नोकऱ्याही होत्या, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. भेदभावाच्या पाट्या उतरल्या तसे गोरे रहिवासी रेड माउंटन हा डोंगर ओलांडून पलीकडच्या उपनगरांत गेले. 1979 साली रिचर्ड ॲरिंग्टन हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. पोलादाचे कारखाने आटले. 2010 च्या जनगणनेत 2 लाख 12 हजारांच्या या शहरात 73 टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि दहांपैकी तिघे दारिद्र्यात होते. निवडून येण्याची सत्ता मिळाली तेव्हा तिजोरी आणि अधिकार दोन्ही दुसरीकडे गेलेले होते.

देशभर दुसरी एक हालचाल सुरू झाली होती. बाल्टिमोरने 1994 साली शहराच्या ठेकेदारांना किमान मजुरीपेक्षा जास्त देण्याचं बंधन घातलं. न्यू ऑर्लिन्सच्या मतदारांनी फेब्रुवारी 2002 मध्ये देशाच्या दरावर एक डॉलर वाढ मंजूर केली, पण लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती मोडीत काढली. सांता फे शहराने 2003 साली स्वतःचा किमान दर ठरवला, व्यापाऱ्यांनी दावा लावला, तिथे शहर जिंकलं. नोव्हेंबर 2012 मध्ये न्यू यॉर्कच्या बर्गरच्या दुकानांतले कामगार 15 डॉलरची मागणी करत रस्त्यावर आले. वर्षभराने सिॲटलजवळच्या सीटॅक या विमानतळाच्या गावाने ती मागणी मतदानाला टाकली आणि अवघ्या 77 मतांनी मंजूर केली. विमानतळ मालकीने बंदर प्राधिकरणाचा, गावाचा कायदा तिथे चालत नाही, असा दावा झाला. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली पाच विरुद्ध चार मतांनी गावाच्या बाजूने निकाल दिला.

शहरं जिंकू लागली तशी राज्यांची विधिमंडळं दार लावू लागली. उद्योगांच्या पाठबळाने चालणाऱ्या एएलइसी या संस्थेने शहरांना किमान वेतन ठरवायला बंदी करणाऱ्या कायद्याचा नमुनाच तयार ठेवला होता. राज्यामागून राज्य असे कायदे करत गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शहरागणिक वेगळा दर असेल तर अनेक ठिकाणी दुकानं असणाऱ्याने हिशेब ठेवायचा कसा, आणि वाढीव मजुरी टाळायला नोकऱ्या वेशीबाहेर जातील त्याचं काय? युक्तिवाद पोकळ नाही. पण अलाबामाच्या बाबतीत एक गोष्ट विसरता येत नाही. या राज्याला स्वतःचं किमान वेतनच नाही. एकसारखेपणा हवा म्हणून शहराचा दर काढला, तर त्या जागी ठेवायला राज्याकडे काहीच नव्हतं.

बर्मिंगहॅमने थेट कायदाही केला नव्हता. एप्रिल 2015 मध्ये कौन्सिलने आधी ठराव करून विधिमंडळालाच विनंती केली की सगळ्या राज्यासाठी 10 डॉलर करा. काही झालं नाही. मग ऑगस्टमध्ये शहराने आपल्यापुरता कायदा केला : जुलै 2016 पासून साडेआठ डॉलर, जुलै 2017 पासून 10 डॉलर 10 सेंट. मालकांना तयारीसाठी भरपूर वेळ होता. 9 फेब्रुवारी 2016 ला माउंटन ब्रूकचे प्रतिनिधी डेव्हिड फॉकनर यांनी ‘एचबी 174’ हे विधेयक मांडलं. माउंटन ब्रूक म्हणजे डोंगरापलीकडचं तेच श्रीमंत उपनगर, जवळजवळ पूर्णपणे गोरं. फॉकनर यांच्यासह ज्या 53 जणांची नावं विधेयकावर होती ते सगळे गोरे, आणि दोन्ही सभागृहांतल्या एकूण एक कृष्णवर्णीय सदस्याने विरोध केला. आपला कायदा आधी लागू झाला तर कदाचित वाचेल, या आशेने कौन्सिलने तारीख अलीकडे ओढली. ती 23 फेब्रुवारीची घाई यातून आली. माँटगोमेरीने मांडणीपासून सहीपर्यंत 16 दिवसांत काम उरकलं.

एप्रिलमध्ये दावा दाखल झाला. वादी होते कमी मजुरीवर राबणारे दोन कामगार, ग्रेटर बर्मिंगहॅम मिनिस्ट्रीज ही संस्था आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेची अलाबामा शाखा. पुढे काही कृष्णवर्णीय आमदारही सामील झाले. राज्याचा कायदा बोलायला सगळ्या शहरांना सारखा लागू आहे, पण त्याचा घाव एका कृष्णवर्णीय बहुसंख्य शहरावर, तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांवर, ठरवून घातला आहे, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी 2017 मध्ये जिल्हा न्यायालयाने दावा सुरुवातीलाच फेटाळला.

अलाबामा ज्याच्या कक्षेत येतं त्या अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयात तीन न्यायाधीशांच्या पीठाने 25 जुलै 2018 ला तो पुन्हा उभा केला. न्यायाधीश चार्ल्स विल्सन यांनी लिहिलेलं निकालपत्र वाचण्यासारखं आहे. इतर मुद्दे त्यांनी नाकारले, पण राज्यघटनेतल्या समान संरक्षणाचा मुद्दा पुराव्यानिशी चालला पाहिजे, असं सांगितलं. आकडे समोर होते. शहरातल्या कृष्णवर्णीय मजुरांपैकी 37 टक्के 10 डॉलर 10 सेंटांच्या खाली होते, गोऱ्यांपैकी 27 टक्के. गोरा कामगार शहरात ताशी सरासरी 1 डॉलर 41 सेंट जास्त मिळवत होता, राज्यात 2 डॉलर 12 सेंट. अंदाजे 40 हजार रहिवाशांची वाढ एका सहीने गेली होती. विल्सन यांनी 1901 च्या घटनेपासूनचा धागा जोडला. वंशभेद आता सभागृहात उभा राहून स्वतःची घोषणा करत नाही, तो तटस्थ दिसणाऱ्या कायद्याच्या आड लपतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता.

राज्याने पूर्णपीठाकडे दाद मागितली. 13 डिसेंबर 2019 ला बारा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध पाच असा निकाल दिला. बहुमताचं निकालपत्र केव्हिन न्यूसम यांनी लिहिलं. दावा राज्याच्या ॲटर्नी जनरलवर लावला होता. न्यायालयाने म्हटलं, तुमची वाढ तुम्हाला ॲटर्नी जनरल नाकारत नाहीत, तुमचा मालक नाकारतो. ॲटर्नी जनरलनी हा कायदा तुमच्याविरुद्ध वापरलेला नाही, वापरण्याची धमकी दिलेली नाही, आणि त्यांना आदेश दिला म्हणून मालक पगार वाढवणार नाही. तेव्हा हा दावा या प्रतिवादीवर चालू शकत नाही. कायद्यामागे वंशभेदाचा हेतू होता की नाही, यावर पूर्णपीठाने मत दिलंच नाही. विल्सन यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं.

तांत्रिकदृष्ट्या हे तर्कशास्त्र जुळवता येतं. पण माझ्या मते न्यायालयाने इथे कायद्याच्या अक्षराआडून प्रश्न टाळला. मालकाने वाढ नाकारली ती राज्याने शहराचा कायदा पुसला म्हणून, हे कारण आणि परिणाम शेंबड्या पोरालाही कळेल असं आहे. सव्वासात डॉलरवरच्या माणसाने नोकरी पणाला लावून स्वतःच्या मालकाला कोर्टात खेचायचं, आणि त्या दाव्यात राज्याच्या विधिमंडळाचा हेतू सिद्ध करायचा, अशी वाट उघडी ठेवणं म्हणजे ती बंद करण्यासारखंच.

इतर ठिकाणी याच काळात वेगवेगळं घडलं. सेंट लुइसमध्ये मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये शहराच्या बाजूने कौल दिला, मे महिन्यात दर 10 डॉलर झाला, आणि राज्याच्या नव्या कायद्याने ऑगस्टअखेर तो 7 डॉलर 70 सेंटांवर परत आणला. हातात आलेला पगार चार महिन्यांच्या आत कमी करण्याची मोकळीक मालकांना मिळाली. काही दुकानदारांनी मात्र तो आपणहून 10 वरच ठेवला. पुढच्या वर्षी मिसूरीच्या मतदारांनी 62 टक्के मतांनी राज्यभराचा दर टप्प्याटप्प्याने 12 डॉलर केला. जे विधिमंडळाने शहराला नाकारलं ते मतपेटीने सगळ्या राज्याला दिलं. अलाबामात नागरिकांना स्वतः कायदा मतदानाला टाकण्याची सोयच नाही. मिनेसोटात न्यायालयाने 2020 साली मिनीॲपोलिसचं किमान वेतन आणि आजारपणाची रजा दोन्ही राखली. कोलोराडोने 2019 साली आपली जुनी बंदी उठवली.

टेक्सासने उलट दिशा धरली. ऑस्टिनने 2018 साली दिलेली आजारपणाची भरपगारी रजा, रजा म्हणजेच वेतन आणि वेतन ठरवायला शहरांना राज्याची बंदी, या कारणावरून न्यायालयात अडली. 2023 च्या उन्हाळ्यात गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सही केलेल्या एचबी 2127 या कायद्याने शहरांचे अधिकार मोठ्या प्रमाणावर कापले. ऑस्टिनने 2010 साली आणि डॅलसने 2015 साली बांधकाम मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं पाणी-विसाव्याची सुट्टी दिली होती, तीही त्याच्या कचाट्यात आली. ह्यूस्टनने दावा लावला, सॅन अँटोनिओ आणि एल पासो सोबत आले. ऑगस्टअखेर खालच्या न्यायालयाने कायदा घटनाबाह्य ठरवला आणि राज्य अपिलात गेलं.

देशाचा 7 डॉलर 25 सेंटांचा दर जुलै 2009 पासून बदललेला नाही. अलाबामाने आपला दर आजवर ठरवलेला नाही, आणि ठरवू पाहणाऱ्या शहराला 2016 चा कायदा अजूनही अडवतो. तो कायदा कृष्णवर्णीय कामगारांना डोळ्यांसमोर ठेवून केला होता का, याचा पुरावा एकाही न्यायालयाने ऐकलेला नाही.